काहिलीत चाकू कुठे ठेवावा

माझ्या दोघा नातवंडांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही मला तुमची नवी होडी दाखवलीत. होडी सुरेख आहे. पण तिच्या पोटात जे पाहिलं त्यानं माझा जीव कासावीस झाला. गळ पावाच्या पुड्यात, दोरीच्या गुंत्यात कोणाचा तरी चष्मा, आणि पक्कड कुठे आहे हे दोघांपैकी एकालाही माहीत नाही. मी दोन शब्द सांगायला गेले तर धाकटा हसून म्हणाला, "आजी, तुमच्या बीडला प्यायला पाणी नसतं, तुला होडीतलं काय कळणार?" मागे तुमची आईही हसत होती. तिला तरी माहीत असायला हवं होतं, पण आम्ही तळ्याकाठी राहायचो तेव्हा ती बालवाडीत होती आणि त्या दिवसांतलं तिला काहीच आठवत नाही. म्हणून आताच लिहिते. सुट्टी लागली की तिकडे परदेशात तुम्ही पुन्हा तुमच्या तळ्यावर जाणार, त्याआधी हे वाचून व्हावं. सावकाश वाचा, अडलं तर आईला विचारा.

मी होडीत बसले आहे, बरं का. ती होडी गोल होती, लोखंडाची होती, आणि तिला मुंग्या लागल्या होत्या.

तुमचे आजोबा पाटबंधारे खात्यात होते आणि आम्ही पालीजवळच्या एका तळ्याच्या बांधाखाली सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. मी गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. मी औरंगाबादच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, आणि माझे वडील असे शिस्तीचे की आमच्या घरात कात्रीलासुद्धा स्वतःचा पत्ता होता. अंधारात हात घातला तरी काडेपेटी मिळाली पाहिजे, हा त्यांचा नियम. तोच मी सासरी आणला, आणि तुमच्या आजोबांनी तो जन्मभर निमूटपणे सोसला.

क्वार्टरच्या मागे मासेमारी करणाऱ्या भोई कुटुंबांची घरं होती. त्यातल्या अगदी लगतच्या घरात एक सासू आणि एक सून राहायच्या. सुनेला मी वहिनी म्हणायचे, ती मला बाई म्हणायची. सासूला मी मावशी म्हणत असे, आणि ती मला तोंडावर मास्तरीण आणि पाठीमागे काय म्हणायची ते मला माहीत नाही. सुरुवातीला ती आमच्या घरचं पाणी पीत नसे. आम्ही बौद्ध, तिच्या मनात जुना विटाळ. मग दुष्काळ पडला, टँकर आधी क्वार्टरच्या हौदावर यायला लागला, आणि मावशी बिंदगी, म्हणजे लहान घागर, घेऊन आमच्या दारात उभी राहिली. मी पाणी घातलं. तिनं तिथंच उभं राहून अर्धं पिऊन टाकलं आणि म्हणाली, "ग्वाड हाय." विषय संपला. एरवी माणसांची भाषणं जे करू शकली नाहीत ते त्या वर्षी पावसानं न येऊन केलं.

मी सांगते आहे ते दुष्काळाचं लागोपाठचं दुसरं वर्ष होतं. वहिनींचा नवरा कामाला पुण्याला गेला होता. त्याची लाकडी होडी पाणी मागे सरल्यावर कोरड्या काठावर पडून राहिली आणि उन्हानं अशी उलली की फळ्यांच्या फटींतून पलीकडची शेळी दिसायची.

आता त्या काळची व्यवस्था समजून घ्या. तळं सरकारचं, पण मासे धरायचा हक्क मच्छीमारांच्या सहकारी संस्थेचा. संस्था तळ्यात बीज सोडायची, म्हणजे बोटभर पिल्लं, आणि ती वाढली की सभासदांनी धरून संस्थेच्या टेम्पोत घालायची. प्रत्येक सभासदाची एक जागा. ज्यानं हंगामात होडी पाण्यात घातली नाही, त्याची जागा दुसऱ्याला. त्या वर्षी पाणी आटत आटत मधोमध आलं होतं आणि मासा तिथं एकवटला होता. तळं पुरतं कोरडं पडायच्या आत सगळा मासा काढायचा, असं संस्थेनं ठरवलं. म्हणजे होडी आत्ता पाण्यात गेली तर वहिनींचं घर पुन्हा पाऊस येईपर्यंत तगणार होतं आणि जागाही राहणार होती. नाही गेली, तर दोन्ही जाणार होतं.

संस्थेचे चेअरमन हे सांगायला स्वतः आले. वाईट माणूस नव्हता, पण नियमाचा पक्का होता.

"वहिनी, मालकाला बोलवून घ्या. न्हाईतर जागा सोडा. माघं लोक थांबलेत."

"त्यो आला तर पुण्याचं काम जातंय," वहिनी म्हणाल्या. "मी जाते की पाण्यात. जाळं टाकाय येतंय मला. पवायबी येतंय."

चेअरमननी कानाला हात लावला. "बाई होडीत बसत न्हाई. आपल्यात रीत न्हाई ती. आन् होडी तरी कुठंय?"

रीत अशी होती: बाईनं जाळी विणायची, फाटलेली सांधायची, मासे बाजारात विकायचे. होडीत पाय ठेवायचा नाही. का ते कोणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून ती पक्की होती.

वहिनींचा भाऊ नेकनूरकडचा. त्याचं गुऱ्हाळ होतं, पण ऊसच नाही तर गूळ कशाचा? ज्या काहिलीत रस उकळायचा ती मोठी लोखंडी कढई पालथी पडून होती. आपल्याकडे पूर आला की लोक अशा काहिलीत बसून ओढा ओलांडतात, शाळेची पोरंही जातात. वहिनींनी निरोप धाडला आणि आठवड्याच्या बाजाराला येणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून ती काहील दारात आली. काठाला कड्या होत्या, बुडाला जळका काळा थर होता आणि कितीही घासली तरी गुळाचा वास जात नव्हता. मुंग्यांची रांग बांधापासून थेट तिच्यापर्यंत.

चेअरमन बघायला आले आणि पोट धरून हसले. "वहिनी, ही होडी न्हाई. ही काहील हाय!"

मावशी बाजेवर बसून पान जमवत होती. मान वर न करता म्हणाली, "काय म्हनलास? पुन्ना म्हन."

"ही होडी न्हाई, मावशी. काहील हाय."

"मग झालं की बे. बाई होडीत बसत न्हाई. ही होडी न्हाई. काहिलीत बाईनं कावून बसू न्हाई? भांडंच हाय ते. भांड्यात तुझी आई काय कमी बसली का? गुऱ्हाळावर काहिलीत उतरूनच घासायची की ती!"

आजूबाजूचे खो खो हसले. चेअरमन एवढंच म्हणाले, की येत्या बाजाराच्या दिवशी बघू. टेम्पो निघायच्या आत मासळी काठावर आली पाहिजे. आली तर जागा राहील, नाही आली तर पुन्हा या विषयावर बोलायचं नाही. आणि एकटीनं जायचं नाही, सोबतीला कोणीतरी पाहिजे, संस्थेवर नसती जोखीम नको.

सोबतीला कोण? दुसऱ्या घरच्या बायकांना घरचे सोडेनात. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मला पोहता येत नव्हतं. तुमच्या आजोबांनी एक शब्द न बोलता ट्रकची जुनी ट्यूब आणली, हवा भरली आणि माझ्यापुढे ठेवली. याला आमच्या संसारात होकार म्हणत.

आता मुद्द्यावर येते, म्हणजे मांडणीवर.

लाकडी होडीला पुढचं टोक असतं, मागचं असतं, बसायची फळी असते. वस्तू कुठेही टाकली तरी निदान 'पुढे' किंवा 'मागे' असते. काहिलीला पुढेही नाही आणि मागेही नाही. बूड खोलगट, त्यामुळे जे ठेवाल ते घरंगळत मधोमध येतं. पहिल्यांदा आम्ही सगळं सामान आत ठेवलं तर चाकू, जाळं सांधायची सुई, सुतळीचा गुंडा, धारेचा दगड, पाणी उपसायचं डबडं आणि प्यायच्या पाण्याची बिंदगी यांची मधे एक खिचडी झाली, आणि त्या खिचडीवर मुंग्या. चालत्या पाण्यात त्यात हात घालायचा म्हणजे बोट कापून घ्यायचं.

मावशीची चंची मी रोज बघत होते. तुम्ही चंची पाहिलेली नाही. कापडाचं लांबट पाकीट, त्यात कप्पे शिवलेले. पानाला वेगळा, सुपारीला वेगळा, कात, चुना, अडकित्ता यांना वेगळे. गुंडाळून कमरेला खोचायची. मावशी कोणाशी तरी कडाकडा भांडत असतानाही न बघता त्यातून पान जमवायची. मी म्हटलं, आपण काहिलीला चंची शिवू. खताची रिकामी पोती उसवली, माझ्या शिलाई मशीनवर त्यांची लांब पट्टी केली, तिला कप्पे केले आणि ती काहिलीच्या आतून गोल फिरवून कड्यांना बांधली. दोन सुया मोडल्या. पण दिसायला इतकी झकास झाली की मी तुमच्या आजोबांना दोनदा बोलावून दाखवली.

मग अंगणात तालीम. काहिलीत वहिनी आणि मी समोरासमोर, मावशी बाजेवरून हुकूम सोडणार. "चाकू!" वहिनींचा हात चाकूवर. "डबडं!" माझा हात डबड्यावर. एका दिवसात आम्ही अशा तयार झालो की मावशीलाही खोट काढता येईना.

आणि पाण्यावर गेल्यावर सगळं फसलं.

त्याचं कारण तुम्हाला परदेशात सुचणार नाही, म्हणून सांगते. आपल्याकडे खेड्यात उजवं-डावं फारसं कोणी म्हणत नाही. पोळपाट उगवतीच्या भिंतीला, मिठाचा डबा मावळतीला, बाज जरा खालच्या अंगाला सरकव. शाळेत मी पोराला 'उजवीकडे सरक' म्हटलं की तो आधी खिडकीतून ऊन कुठून येतं ते बघायचा. त्या गावात राहून मीही तशीच झाले होते. आम्ही चंचीतल्या जागा तशाच पाठ केल्या होत्या: चाकू उगवतीला, डबडं मावळतीला, सुई लिंबाच्या झाडाकडे, बिंदगी शेळीच्या दावणीकडे.

पाण्यात काहील गेली. वहिनींनी पहिलं वल्हं मारलं आणि काहील पुढे जायच्या ऐवजी जागच्या जागी फिरली. दुसरं मारलं, आणखी फिरली. तेवढ्यात जाळ्याची दोरी वल्ह्याला गुंडाळली.

"बाई, चाकू!"

"उगवतीला!" मी ओरडले.

वहिनींनी सूर्याकडे पाहिलं, त्या बाजूच्या कप्प्यात हात घातला आणि बिंदगी काढली.

"चाकू हो! बिंदगी न्हाई!"

"उगवतीला म्हणते ना मी!"

"उगवत तिकडं गेली की ओ!"

उगवत खरोखरच तिकडे गेली होती. मग शेळीची दावण समोर आली, मग लिंबाचं झाड, मग पुन्हा उगवत. काठावर मावशी हसून हसून खाली बसली. चेअरमनही तिथे होते, पण ते हसले नाहीत, आणि ते मला जास्त लागलं. त्यांनी नुसतं डोकं हलवलं आणि निघून गेले. वहिनींचा चेहरा उतरला. बाजाराचा दिवस तोंडावर आला होता. घरी परतताना ती म्हणाली, "बाई, जाऊ द्या. त्यांला निरोप धाडते. पुण्याचं काम सोडून या म्हनते."

दारात मावशीनं तिला अडवलं. कमरेची चंची काढून तिनं बाजेवर उलगडली, मग गरकन फिरवून उलटी केली.

"आता चुना कुठंय गं?"

"हितं," वहिनी म्हणाल्या.

"कसा वळखला?"

"काताच्या शेजारी हाय की."

"मग? चंची कशीबी फिरू दे, चुना काताचं घर सोडत न्हाई. शेजार बघ, शेजार! सूर्य कावून बघतीस? सूर्य काय तुझ्या काहिलीत बसलाय का?"

मी लगेच पट्टी सोडून पुन्हा लावायला घेतली. आता दिशा नाही, शेजार. चाकूच्या शेजारी धारेचा दगड, कारण खरखरीत दगड हाताला लागला की पुढचा कप्पा चाकूचा. सुईच्या शेजारी सुतळी, कारण एकीवाचून दुसरीचा उपयोग नाही. डबड्याच्या शेजारी मासे ठेवायचं ओलं बारदान, दोन्ही भिजणारी. बिंदगी लांब, एकटी, म्हणजे चुकूनसुद्धा हातात यायला नको. वहिनींनी त्यात आपली भर घातली: चाकूची मूठ नेहमी वर, आणि मुठीला दोरी बांधून ती कडीला, हातभर ढिली, म्हणजे चाकू निसटला तरी तळाला जाणार नाही. मी एक नियम काढला, की एक वस्तू जागी गेल्याशिवाय दुसरी उचलायची नाही. त्यावर मात्र आमचं जुंपलं.

"तवर मासा थांबल का, बाई?"

"मासा थांबणार नाही, पण चाकू पायाखाली आला तर आपण थांबू."

"तुमच्या घरात डाळ उतू जाताना आदी चमचा जागेवर ठिवता का?"

"हो," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. तिनं सुतळी सुईत ओवून घेतली. मग म्हणाली, "भाऊजी लई सोशिक हायती."

वल्हवण्याचंही कोडं सुटलं. दोघींनी समोरासमोर बसून आपापलं वल्हं एकदम, एकाच दिशेला मारलं की काहील सरळ जाते. मग डोळे मिटून तालीम. मावशी काहील अंगणात गरागरा फिरवायची, आम्ही आत, आणि मग वस्तूचं नाव घ्यायची. मला गरगरून उलटी झाली. पण वस्तू चुकली नाही.

बाजाराच्या दिवशी उजाडताच आम्ही निघालो. संस्थेच्या लाकडी होड्या आधीच मधोमध पोचल्या होत्या. पुरुषांनी आमच्याकडे पाहिलं नाही असं दाखवलं. कमरेला ट्यूब बांधून मी अशी काही दिसत होते की न बघणं त्यांना जड गेलं असणार. लोखंड उन्हानं तापायच्या आत परतायचं होतं. वहिनींनी जाळं सोडलं, आम्ही थांबलो, आणि ओढायला लागलो तेव्हा जाळं जड लागलं. कटला होते, रोहू होते, चांगले हातभर. ती एक एक काढून ओल्या बारदानात घालत होती आणि मी काठ धरून बसले होते.

पाणी कमी झाल्यानं तळातली बुडालेली जुनी बाभळीची खोडं वर आली होती. जाळ्याच्या टोकाला बांधलेला दगड त्यातल्या एकात अडकला. त्याच वेळी वारा सुटला. वारा काहील एकीकडे ढकलतो आहे आणि दोरी दुसरीकडे ओढते आहे, अशी आमची गत. काहील दोरीच्या बाजूला कलली. काठावरून पाणी आत यायला लागलं. मासे घसरत माझ्या पायांवर आले. मी ओरडले, आणि घाबरल्यामुळे इंग्रजीत ओरडले.

वहिनींनी पाहिलंसुद्धा नाही. एका हातात जाळं, दुसरा हात पाठीमागे चंचीवर. बोटं धारेच्या दगडाला लागली, पुढे सरकली, मूठ सापडली. एका झटक्यात जाळ्याच्या दगडाची दोरी तुटली, जाळं सुटलं आणि काहील थपकन सरळ झाली. चाकू तिच्या हातून उडाला, पण दोरीला लोंबत राहिला. माझा हात तोवर ओल्या बारदानाच्या शेजारी गेलेला होता, आणि डबडं तिथेच होतं. मी पाणी उपसत सुटले. काहिलीत थेंब उरेना तरी उपसत होते.

"बाई, बास," ती म्हणाली. "आता तळं रितं कराल." मग जरा दम खाऊन, "इंग्रजीत कुणाला हाक मारत होता?"

"कुणाला नाही. डबड्याला."

चाकू तिनं आधी कप्प्यात ठेवला, मूठ वर करून, आणि मगच वल्हं उचललं. मग मीही डबडं जागी ठेवून माझं वल्हं घेतलं.

काठाशी आणखी एक गोष्ट आमच्या बाजूनं झाली. पाणी आत सरल्यामुळे काठाला चिखलाचा रुंद पट्टा होता. लाकडी होड्या त्यात रुतल्या होत्या आणि पुरुष खांद्याला दोर लावून शिव्या घालत ओढत होते. काहिलीचं बूड गुळगुळीत. आम्ही दोघी उतरलो, कडी धरली, आणि ती तुपावरून सरकावी तशी चिखलावरून आली. टेम्पोवाला बर्फावर भुसा टाकत होता. आमचं बारदान सगळ्यांत आधी चढलं.

चेअरमन काहिलीपाशी आले. वाकून आत बघितलं. सगळ्या वस्तू आपापल्या कप्प्यात, ओल्या पण जागच्या जागी. "हे काय शिंप्याचं दुकान काढलंय?" ते म्हणाले, पण हात लावून एकेक कप्पा बघत राहिले. मग म्हणाले, "मालकाची जागा ऱ्हाईल."

वहिनींच्या अंगावर चिखल होता, पदर कमरेला खोचलेला. "मालक पुण्यात हायती," ती म्हणाली. "जाळं मी टाकलं. जागा मालकाची कावून? माझ्या नावानं करा."

 पाठीमागून मावशीचा आवाज आला, "कर की बे. का पुन्ना काहिलीत बसून दाखवायचं? या खेपंला मी बसते."

चेअरमन आधी हसले आणि मग, नियमाचे माणूस असल्यामुळे, त्यांनी संस्थेच्या सभेपुढे विषय ठेवला. दोघांनी विरोध केला. बाकीच्यांचे दोर त्या दिवशी चिखलात तुटले होते, त्यांनी केला नाही. वहिनी सभासद झाल्या.

तळं त्या उन्हाळ्यात पूर्ण आटलं, तळाला भेगा पडल्या. पुढच्या वर्षी पाऊस झाला, संस्थेनं पुन्हा बीज सोडलं, वहिनींचा नवरा परत आला आणि बायकोच्या जागेवर तिच्या हाताखाली वल्हवायला लागला. त्याला काय वाटलं ते मला माहीत नाही. तो जेवायला वेळेवर यायचा, एवढं मावशी सांगायची.

मावशी आता नाही. काहील गंजून भंगारात गेली. आमची क्वार्टर्स पडली आहेत. संस्था आहे. वहिनींची जागा त्यांच्या सुनेकडे आहे आणि वहिनींनंतर आणखी काही बायकांनी जागा घेतल्या आहेत. तळ्याला पाणी असेल त्या वर्षी या बायका होडीतूनच जातात, आणि कोणी मान वर करून बघत नाही. तेव्हा तळ्यावर जायच्या आधी तुमची पक्कड कोणाच्या शेजारी राहणार ते ठरवा.